हिरकनबाईची निळी

राइस मिलमध्ये कोंडा कितीही झाडा, सकाळी परत हजर. मिलमधले किस्सेही तसेच असतात. विसरलो म्हणावं, तर कुठल्या तरी कोपऱ्यात खाली बसलेले सापडतात. मुर्री रोडवरच्या एका मिलमध्ये मी बावीस वर्षं सुपरवायझर आहे. हमालांचे, ट्रकवाल्यांचे, शेठच्या मेहुण्याचे किस्से सांगायला बसलो तर चहा तीनदा टाकावा लागेल. पण आज फक्त हिरकनबाईचे सांगतो. हे मी सहसा काढत नाही. काढले की लोक माझ्याकडे जरा वेळ बघतात आणि मग विषय बदलतात. तुम्हीही बदला, माझी हरकत नाही.

* * *

हिरकनबाई आमच्याकडे झाडूवर. पन्नाशीची बाई, माहेर दरेकशाकडचं. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, रेखा. तीही आमच्याच मिलमध्ये, धानाच्या खड्ड्यावर. ट्रक खड्ड्याशी लागतो, धान आत पडतं, खालून एलिव्हेटर ते ओढून वर मशीनला नेतो. खड्ड्याच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. जाळीवर साचलेलं धान फावड्यानं आत लोटायचं, हे रेखाचं काम.

रेखानं आईला जुना मोबाइल दिला, भजनं ऐक म्हणून. भजनं ऐकता ऐकता एक दिवस त्यात आपोआप बर्फावर नाचणाऱ्या मुली आल्या. फिगर स्केटिंग! हिरकनबाईनं तोवर बर्फ पाहिलेला तो मासळीवाल्याच्या पेटीतला.

"भाऊ, याहिले थंडी नाही वाजत का?"

"सवय असते त्यांना."

"अन् पडल्या तं?"

"पडल्या तर उठतात. मार्क कापतात."

"कोनी बोलत नाही? मारत नाही?"

"नाही."

"मंग बरं हाय," ती म्हणाली, आणि झाली फॅन.

* * *

त्यातली एक तिची लाडकी. कायम निळा ड्रेस. नाव परदेशी, आमच्यापैकी कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून निळी. निळीची स्पर्धा असली की हिरकनबाई उपास धरायची.

"तुम्ही काऊन उपाशी राहता?" मी विचारलं.

"ते एवढ्याशा पोटानं उड्या मारून राहिली. मी वरनभात खाऊन कशी पाहू, भाऊ?"

एका स्पर्धेत निळी दोनदा पडली आणि दोन्ही वेळा हसत उठली. हिरकनबाई डब्याच्या सुट्टीत तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा बघत बसली. पडायचा भाग नाही, उठायचा. तिच्या आयुष्याबद्दल मला थोडंफार माहीत होतं, म्हणून त्या दिवशी सुट्टीची घंटा मी पाच मिनिटं उशिरा दिली.

* * *

आता झनकलाल. आमचा मशीन ऑपरेटर, तीस वर्षं धानात काढलेला माणूस. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आपलं. त्याची एक ख्याती आहे. एक दाणा हातात द्या, कुठलं धान ते सांगतो. सडक अर्जुनीचं, तिरोड्याचं, आमगावचं. आम्ही पैज लावून लावून थकलो, एकदाही चुकला नाही. "मैं धान को मानता हूँ," म्हणायचा, "बाकी सब हवा."

तर एकदा जेवताना हिरकनबाई मोबाइल बघून राहिली होती. हिरव्या ड्रेसची कोणी मुलगी होती. हिरकनबाई घास थांबवून म्हणाली, "हे आता पडते. कोपऱ्यात."

ती पडली, आणि कोपऱ्यातच.

"रिपीट टेलिकास्ट है," झनकलाल म्हणाला. "बाईनं पहिलेच पाहिलं असन."

पुढच्या खेपेला स्पर्धा लाइव्ह होती. मी स्वतः बघितलं, कोपऱ्यात लाल अक्षरात लिहिलेलं होतं. हिरकनबाई म्हणाली, "दोघी पडतेत. एक बसून फिरता फिरता, एक उडीवर." दोघी पडल्या. झनकलालनं डबा बंद केला आणि बिडी प्यायला बाहेर गेला.

"तुम्हाला कसं कळते हो?" मी विचारलं.

ती लाजली. "सकाळी झाडू माराच्या आधी पाहून घेते, भाऊ."

काय पाहून घेते, ते मला चार दिवसांनी कळलं.

* * *

त्या दिवशी मी लवकर गेलो होतो. तांदूळ चकाकवणाऱ्या पॉलिशरच्या शेडमध्ये रोज सकाळी फरशीवर कोंड्याचा थर बसलेला असतो, पिठाहून बारीक. हिरकनबाई झाडू बाजूला ठेवून उकिडवी बसली होती.

फरशीभर रेघा होत्या. बारीक, सुरीनं ओढल्यासारख्या. वळणं घेत जाणाऱ्या, एकमेकींना कापणाऱ्या.

"धामण फिरली असेल," मी म्हणालो.

"धामन उडी मारते का, भाऊ?"

तिनं बोट दाखवलं. एक रेघ वळत आली होती आणि मध्येच संपली होती. पुढे चार हात कोंडा सपाट, बोटाचाही ठसा नाही. मग तीच रेघ परत सुरू होऊन मागच्या दिशेनं वळत गेली होती.

कोपऱ्यात एक जागा फिसकटलेली होती, माणूस पडल्यावर फिसकटते तेवढी.

"हात लावून पाहा," हिरकनबाई म्हणाली.

बाहेर उन्हानं सकाळीच चटके बसून राहिले होते, आणि रेघेवर फरशी गार होती. मी हात काढून घेतला. बीएस्सी झालेला माणूस आहे मी, पण त्या दिवशी रेघांवर पाय न देता कडेकडेनं बाहेर आलो हे खरं सांगतो.

* * *

शेठला कोणी तरी सांगितलं. शेठ आला, रेघांवर उभा राहिला आणि म्हणाला, "चूहे हैं."

औषध मारलं. सहा उंदीर मेले. रेघा उमटायच्या तशाच उमटत राहिल्या.

* * *

झनकलालनं मग परीक्षा घेतली. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर स्वतःच्या हातानं फरशीवर कोंडा पसरला, फळीनं सारखा केला, मागे मागे सरकत दारापर्यंत आला. दाराशी त्याच्या बुटाचा एक ठसा राहिला, तो मुद्दाम तसाच ठेवला. कुलूप त्याचं, चावी त्याच्या कमरेला.

सकाळी आम्ही तिघांनी दार उघडलं. रेघा भिंतीपासून भिंतीपर्यंत. आणि झनकलालच्या बुटाच्या ठशावरून एक रेघ गेलेली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, मधोमध.

त्या दिवसापासून पॉलिशरला लिंबू-मिरची आहे. रोज बदलतो.

हिरकनबाईला मात्र भीती वाटत नव्हती. "प्रॅक्टिस करून राहिल्या बिचाऱ्या," म्हणायची. "मोठी फरशी पाह्यजे ना त्याहिले." आणि रेघा नीट पाहून झाल्या की हळू हातानं झाडून टाकायची.

* * *

आता फायनलचा किस्सा. हा सांगताना माझीच चूक मला आधी सांगावी लागेल. खड्ड्याच्या जाळीचे दोन गज तुटून निघाले होते. वेल्डरला सांगतो, सांगतो म्हणत पंधरा दिवस मी काढले होते.

चॅम्पियनशिप अमेरिकेत होती. तिकडे संध्याकाळ, आपल्याकडे सकाळ. पहिल्या फेरीत निळी दुसरी होती, फायनलमध्ये ती उतरणार शेवटून दुसरी. हिरकनबाईचा दोन दिवसांचा उपास.

मी मिलमध्ये पोचलो तर ती दारात उभी. चेहरा पांढरा.

"भाऊ, रेघा बाहेर आल्या."

शेडबाहेर रेघा कधीच आल्या नव्हत्या. त्या दिवशी उंबरा ओलांडून, धुळीतून, अंगणभर वळणं घेत सरळ खड्ड्यापाशी गेल्या होत्या. काठाशी एक रेघ संपली होती. पुढे सुरू झाली नव्हती. तिथं धुळीत एक पंजा उमटलेला, पाचही बोटं.

"आज पडते," हिरकनबाई म्हणाली. "निळी पडन, नाही तं..." पुढचं तिला बोलवेना, नजर रेखाच्या फावड्याकडे गेली. "भाऊ, आजच्या दिस खड्डा बंद ठेवा. हात जोडते."

आमगावचा ट्रक गेटवर उभा होता, मागे आणखी तीन. मी म्हणालो, "हिरकनबाई, रेघा पाहून मिल चालत नाही."

मी असं म्हणालो. मीच त्या रेघेवर हात ठेवला होता, तरी म्हणालो. याची लाज मला अजून वाटते.

ती रेखाकडे गेली. रेखा वैतागली. "तुह्या मोबाइलपायी मी आता काम सोडू का वं माय? लोक हासून राहिले." आणि फावडं घेऊन जाळीवर चढली.

मग हिरकनबाईनं काय करावं? तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. स्वतः खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली आणि रेखाच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मी इच्यावरची नजर नाही काढत. तुम्ही पाहा अन् सांगा. पडली की सांगा."

ट्रकमधून धान उतरायला लागलं. झनकलाल मोटरच्या स्विचपाशी, दहा पावलांवर. मी मोबाइल घेऊन मध्ये. निळी बर्फावर आली.

"सुरू झालं," मी म्हणालो. "उडी मारली."

"मंग?"

"उभी आहे."

हिरकनबाईनं मूठ आणखी आवळली.

"परत उडी. उभी आहे. मस्त उतरली हो..."

"मस्त नोको म्हनू, भाऊ."

इतकी सुंदर निळी कधीच नाचली नव्हती. टाळ्या ऐकू येत होत्या. प्रत्येक उडीला मी "उभी आहे" म्हणत होतो आणि प्रत्येक वेळी ही बाई, जिनं या पोरीसाठी किती उपास केले असतील, डोळ्यांत पाणी आणून पुटपुटत होती, "पड माय. पड वं माझी बाई. एकडाव पड."

"शेवटची उडी राहिली," मी म्हणालो.

तिचं पुटपुटणं चालूच होतं.

निळीनं उडी घेतली, आणि पडली. वाईट पडली, उजव्या हातावर.

"पडली!" मी ओरडलो.

हिरकनबाईनं मोठा श्वास सोडला. मोबाइलकडे वळली आणि निळीला दोन्ही हात जोडले. दोन्ही हात जोडायचे म्हणजे मुठीतली ओढणी सुटली.

त्याच क्षणी रेखाचा पाय तुटलेल्या गजांमधून गेला. आवाजसुद्धा झाला नाही. धान बाजूला झालं आणि मिटलं. वर फक्त मनगट राहिलं.

झनकलालनं मोटर बंद केली. माझ्या हातून मोबाइल पडला. आम्ही पाऊल उचलायच्या आत रेखा वर आली. आधी हात आला, ताठ, मग डोकं, मग कंबर. कोणी तरी ओढावं तशी वर आली आणि काठावर आदळली. खोकली, तोंडातलं धान थुंकलं.

"कोनं ओढलं मले?" तिनं विचारलं.

हिरकनबाईचे हात अजून जोडलेलेच होते. मी जागेवर. झनकलाल स्विचपाशी.

रेखाच्या मनगटावर पाच बोटं पांढरी उमटली होती. मनगट ओलं होतं. हिरकनबाईनं हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"बरफ हाय," ती म्हणाली. मग पोरीला छातीशी धरून रडायला लागली. जरा वेळानं तसंच रडता रडता विचारलं, "भाऊ, निळी उठली का?"

मी मोबाइल उचलला. निळी उठली होती, नाच पुरा केला होता. मार्कांची वाट बघत बाकावर बसली होती. शेजारची बाई तिला काही तरी विचारत होती आणि ती मान हलवत होती. कॅमेरा जवळ गेला. निळ्या ड्रेसची उजवी बाही कोपरापर्यंत भुरकट झालेली. मार्क आले, लोक ओरडले, पण तिनं वर पाहिलं नाही. बाहीवरचं काही तरी चिमटीत धरून ती बघत होती.

झनकलाल माझ्या खांद्यावरून वाकला. अंगठ्यानं काच पुसली, डोळे बारीक केले.

"भाऊ," तो म्हणाला, "आमगावचं हाय."