नेम अचूक, टार्गेट शेजारणीचं

खिशात पेन नसेल तर चीफ काका लिफ्टमध्येसुद्धा पाऊल टाकत नसत. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, त्यातली शेवटची बारा चीफ इंजिनिअर म्हणून. जहाज सुटलं, सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या यार्डात तपासनिसाची नोकरी धरली, टॅम्पिनीसमध्ये आमच्या समोरचा फ्लॅट घेतला, पण लॉगबुक काही सुटलं नाही. पूर्वी इंजिनाचं लिहायचे, आता स्वतःचं. एकदा मी वहीत डोकावले तर होतं : ‘०८१२. पाया लेबार स्टेशन. एमआरटी मेट्रोत एसी जास्त. काकडलो.’ त्याखाली : ‘१९४०. आमटीत मीठ कमी. हिला सांगितलं नाही.’ काकूंना ही वही वाचायची बंदी का होती, ते मला तेव्हा कळलं.

मी शाळेत एअर रायफल खेळायचे. अमेरिकेतली काही कॉलेजं या खेळासाठी मुली घेतात, शिकवतातही फुकट, असा शोध मला सतराव्या वर्षी लागला आणि मला दुसरं काही सुचेना. बाबांनी स्वच्छ सांगितलं, ‘स्कॉलरशिप मिळाली तर अमेरिका. नाहीतर इथलं कॉलेज काय वाईट आहे?’ मग मी तिकडच्या, बर्फात बुडालेल्या एका गावातल्या कॉलेजच्या कोच बाईंना ईमेल केली. त्यांनी खेळाचा व्हिडिओ मागवला. आईने चीफ काकांना नुसता कॅमेरा धरायला बोलावलं होतं. त्यांनी सगळा कारभारच ताब्यात घेतला.

रायफलचा व्हिडिओ म्हणजे काय, तर एक मुलगी सव्वा तास भिंतीकडे तोंड करून उभी. दर मिनिटाला ‘टप्प’. बाबांनी दहा मिनिटं बघून विचारलं, ‘सुरू कधी होणार?’ मी म्हटलं, चीफ काका, चांगले पाच नेम ठेवू, बाकीचं कापू. सगळ्या मुली तसंच करतात.

‘इंजिन मधेच कुठे धापा टाकतंय ते कापलं, तर घेणाऱ्याला इंजिन कळणार कसं?’

‘कॅनॉट लाह, नाही चालणार, चीफ काका! कोण बघणार सव्वा तास?’

‘ज्याला इंजिन हवंय तो बघेल.’ व्हिडिओ पूर्ण सव्वा तासाचा गेला. त्यात मी दोनदा नाक पुसलंय, तेही गेलं.

पुढे कोच बाईंनी दोन वर्षांतल्या सगळ्या मॅचेसचे गुण मागितले. मॅचला मला न्यायचे-आणायचे चीफ काकाच, त्यामुळे त्यांच्या वहीत चोवीसच्या चोवीस मॅचेस होत्या आणि त्यात ती एक होती. त्या मॅचला मी एक गोळी बाजूच्या मुलीच्या टार्गेटवर मारली होती, बरोबर मधोमध. मला शून्य मिळालं, मग हात कापायला लागले आणि उरलेल्याचं जे व्हायचं ते झालं. वहीत नोंद होती : ‘नेम अचूक, टार्गेट शेजारणीचं. परतताना एमआरटीत रडली. टॅम्पिनीसला चिकन राइस, दोन प्लेटी.’

‘ही एवढी नको ना,’ मी अक्षरशः हात जोडले.

‘पोरी, लॉगमध्ये खाडाखोड करणाऱ्या माणसाबरोबर मी एकदा जहाजावर होतो. पंपात बिघाड होता, त्याने लिहिला नव्हता. आम्ही तीन दिवस समुद्रात वाहत होतो.’

मग मी माझं डोकं चालवलं. स्वतःच तेवीस मॅचेसची यादी केली आणि शाळेत जाण्यापूर्वी पाठवून दिली. चीफ काकांनी त्यांची चोवीसची यादी आदल्याच दिवशी पाठवली होती, चिकन राइससकट. हे मला माहीतच नव्हतं.

आठवड्याने स्काइपवर कोच बाई आल्या. चीफ काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी. बाईंनी विचारलं, हिच्यात दोष काय आहेत? त्यांनी वही उघडून नऊ दोष वाचून दाखवले, तारीखवार. सातवा होता, ‘हरली की दारं आपटते.’ मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण ती वेळ पुढेच होती. बाई म्हणाल्या, ‘माझ्याकडे दोन याद्या आहेत. एकीत एक मॅच जास्त आहे. खरी कुठली?’

आता गेलं सगळं, एवढंच मनात आलं. मी चीफ काकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘चूक माझी,’ ते म्हणाले. ‘ती मॅच दुसऱ्या मुलीची. वय झालं, नोंदीत घोटाळा झाला.’

बाईंनी दोन्ही याद्या पुन्हा एकदा चाळल्या. मग ‘ओके’ म्हणाल्या. कॉल संपल्यावर चीफ काकांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि समोर आपल्या घरी गेले. त्या दिवशी त्यांनी काही लिहिलं नाही, आणि नंतरही कधी लिहिताना दिसले नाहीत. काकू आईला म्हणाल्या, ‘विचारलं तर म्हणतात, आता माझ्या नोंदीला अर्थ नाही.’ मला सगळं कळत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

स्कॉलरशिप मिळाली. चीफ काका पेढा खाऊन ‘छान’ म्हणाले. त्याच वर्षी यार्डाने त्यांचं कंत्राट वाढवलं नाही, तिथे राहण्याचा पास संपला आणि दोघं मुरुडला परत गेली. मी चांगी विमानतळावर सोडायला गेले होते. बोर्डावर विमानाची वेळ बदलली तसा त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, शेवटची मॅच झाल्यावर, मला राहवेना. मी कोच बाईंच्या खोलीत जाऊन सांगून टाकलं की तेवीसची यादी खोटी होती.

‘माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तू भाताच्या किती प्लेटी खाल्ल्यास ते लिहिणारा माणूस, मॅच कुठल्या मुलीची यात कसा चुकेल? तुझे नऊ दोष त्याने पापणी न हलवता सांगितले आणि दहावा स्वतःवर घेतला. असा माणूस जिच्यासाठी खोटं बोलतो, ती मुलगी मला बघायची होती. तू कधी सांगतेस, याची चार वर्षं वाट बघत होते.’

मी बाहेर येऊन तशीच मुरुडला चीफ काकांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

‘म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?’

‘हो.’

‘मग मी चार वर्षं वही कशापायी बंद ठेवली?’

‘माझ्यामुळे, चीफ काका. मी भ्याले आणि तुम्हाला खोटं बोलू दिलं.’ मला रडू आवरेना.

‘थांब,’ ते म्हणाले, ‘पेन घेऊन येतो.’