जोडलं की खेचून बघायचं

डेपोत आमच्याकडे किस्से साठतात, कारण डबे इकडून तिकडे हलवायचं शंटिंगचं काम गोगलगायीच्या वेगाने चालतं आणि तोंडं मोकळी असतात. इंजिन मी चालवतो. खाली उभं राहून डबे जोडतात ते भुईगावचे पास्कलभाऊ. प्रत्येक गाडीचं जोडायचं तोंड, म्हणजे कपलिंग, वेगळं. कुणाला हूक आणि स्क्रू, कुणाला मुठीसारखं आपोआप मिटणारं. आमच्या इंजिनाला थोरल्या सुनेसारखं सगळ्यांशी जमवून घ्यावं लागतं.

*

माझा पहिला आठवडा. आपोआप मिटणारं कपलिंग. खट् आवाज आला, मी ऐटीत शिट्टी दिली आणि निघालो. शेडच्या टोकाला पोचून मागे बघतो, तर डबा जागच्या जागी आणि पास्कलभाऊ त्याच्या पायरीवर बसलेले.

"सावंत, आम्हाला नाही न्यायचं का?"

मग त्यांनी शिकवलं. जोडलं की ब्रेक लावलेला डबा हळूच खेचून बघायचा. सुटला नाही, की ते हात वर करणार आणि मग मी शिट्टी देणार.

"आवाज कुणीही करतं रे. धरून राहतो तो खरा."

*

एकदा बंद पडलेली लोकल ओढायची होती. तिचं कपलिंग एका घडणीचं, इंजिनाचं दुसऱ्या. मध्ये अडॅप्टर लागतो, आणि तो उचलायला चार माणसं. नवे साहेब म्हणाले, "कशाला वेळ घालवता? थेट जोडा."

थेट नेलं. दोन्ही तोंडं समोरासमोर नुसतीच उभी राहिली.

पास्कलभाऊ म्हणाले, "साहेब, बघण्याचा कार्यक्रम झाला. आता मध्यस्थाला बोलवू?"

अडॅप्टर उचलायला साहेबांनी स्वतः हात लावला.

*

खेचून बघायची सवय त्यांच्या अंगातच भिनली आहे. वसईच्या बाजारात पिशवी घेताना त्यांनी तिचा बंद असा ओढला, की तो हातातच आला. दुकानदार भडकला.

हे शांतपणे म्हणाले, "बरं झालं, इथेच तुटला. अंडी अजून घ्यायची आहेत."

*

मग त्यांच्या ग्लॅडिसचं लग्न ठरलं. पोरीला आई नाही, सगळी धास्ती यांच्या एकट्याच्या डोक्यावर. मुलगा गास गावचा, ऑफिसमधली ओळख, दोन महिन्यांत पक्कं.

"खट् आवाज मलाही आला, सावंत," ते डबा उघडून न जेवताच बसले होते. "पण पोरगा धरून राहील ना?"

मलाही वाईट वाटलं.

लग्न लागलं. नवरा-नवरी हातात हात घालून चर्चच्या पायऱ्यांवर फोटोला उभी राहिली. पास्कलभाऊ सुटाबुटात पुढे झाले, पोरीचा मोकळा हात धरला आणि तिला आपल्याकडे ओढलं. चांगलं जोर लावून ओढलं. जावई दोन पायऱ्या धडपडत खाली आला, गुडघ्यावर आपटला, पण त्याने तिचा हात सोडला नाही.

"अंकल, काय करताय?" फोटोग्राफर ओरडला.

पास्कलभाऊंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. गर्दीत मला शोधलं आणि हात वर केला.

मी दोन बोटं तोंडात घातली आणि चर्चच्या दारात शिट्टी दिली.