रायभानच्या वाटणीचं पाणी

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा आमच्या सॅपर तुकडीचं, म्हणजे फौजेतल्या पूल-रस्ते बांधणाऱ्यांचं, पोस्टिंग तिथं होतं. काम रेल्वे साइडिंगच्या पुलाचं. मी नाईक. साडेपाचला फॉलइन, सहाला कामावर. मे महिना होता. पिण्याच्या पाण्याचा टँकर दिवसातून एकदाच यायचा आणि माणशी तीन वॉटर बॉटल मिळायच्या.

एका सकाळी गर्डर उचलताना डाव्या कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ गेली की मी रुळांवर आडवा झालो. एक्स-रेत मूत्रवाहिनीत खडा दिसला. सर्जननं ऑपरेशन लिहिलं. ऑपरेशन झालं की मला लो मेडिकल कॅटेगरी लागणार, सॅपरचं काम बंद होणार आणि घरी रवानगी होणार. मी संमतीच्या कागदावर सही केली नाही.

सुभेदारसाहेब उखडले. "चाकू से डरता है?"

"चाकू से नहीं, साहब. घर जाने से."

आमच्या तुकडीचे डॉक्टर, कॅप्टनसाहेब, मात्र शांत होते. म्हणाले, "खडा बारीक आहे, खाली सरकतोय. चौदा दिवस देतो. कळ आली की ॲट्रोपिनचं इंजेक्शन. तीन वेळा मिक्श्चर. दर तासाला मगभर पाणी. पण ताप आला किंवा लघवी अडली, तर मुकाट्यानं टेबलावर झोपायचं."

"जी, साहेब."

दर तासाला मगभर पाणी आणायचं कुठून? माझा जोडीदार लान्स नाईक रायभान, भंडाऱ्याकडचा. त्यानं काही न विचारता आपली एक बॉटल माझ्या खाटेखाली ठेवली.

"अन् तू काय पेशीन बे?"

"मले तहान कमी लागते, दादा. तू पी."

धडधडीत खोटं. भिलाईच्या उन्हात गर्डर ओढणाऱ्याला म्हणे तहान कमी लागते! मला लाज वाटली, तरी प्यालो. रोज प्यालो. खडा पडला तर दिसावा म्हणून लघवी कापडातून गाळायची होती. ते काम सफाईवाल्याला सांग, असं कुणीतरी सुचवलं. "खडा माझा आहे, मीच गाळीन," मी म्हणालो.

नवव्या दिवशी अशी कळ आली की मी खाटेची पट्टी दातांत धरली. सुभेदारसाहेब येऊन म्हणाले, "अब तो मान जा." मी मान हलवली, नाही म्हणून.

अकराव्या दिवशी दुपारी खडा कापडावर पडला. ज्वारीच्या दाण्याएवढा. रायभान भर उन्हात नाचला. कॅप्टनसाहेबांनी फिट लिहिलं. मी खडा सुभेदारसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि कडक सॅल्यूट ठोकला. साहेब मिशीतल्या मिशीत हसले.

फिट होतो, म्हणूनच पुढं लढाई लागली तेव्हा सीमेवर रायभानच्या शेजारी होतो. पूल बांधताना त्याच्या पोटात गोळी लागली. मी वायरलेस उचलला.

"कॅज्युअल्टी एक. पोटात गोळी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"स्ट्रेचरला दोन तास. पाणी देऊ नका. ओव्हर."

पोटात गोळी असली की पाणी द्यायचं नाही, हे आम्हाला शिकवलंच होतं. तासभर मी दिलं नाही. मग त्याची नाडी हाताला लागेना. ओठ फुटले होते.

"दादा, पाणी दे न."

मी बॉटल उघडली. त्यानं दोन घोट घेतले. तिसरा घशाखाली उतरला नाही.

नंतर कॅप्टनसाहेबांनी विचारलं, ऑर्डर असताना पाणी का दिलं? मी सावधानमध्ये उभा होतो.

"त्याचंच होतं, साहेब."