न कोसळलेला उतार

सरकारी मदतीने होणाऱ्या कामांच्या जागा तपासायच्या आणि पर्यावरणाचा अहवाल द्यायचा, हे माझं काम. नोकरी नव्हे, कंत्राट. रत्नागिरीत राहते आणि कित्येक वर्षं फायलीत सगळ्यात शेवटी लागणारा कागद तयार करते. सगळं ठरलेलं असतं, नारळ फुटलेला असतो, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की अहवाल राहिलाच.

लांज्याच्या पुढे, हायवे सोडून आत, एका गावातल्या बौद्धवाडीच्या घरकुलांचं काम असंच माझ्याकडे आलं. वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला, खोलगट जागेत. पावसाळ्यात पऱ्याचं पाणी घरात शिरायचं. नवीन घरांसाठी सड्याखालच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठाराखालच्या, उतारावरची सरकारी जमीन मिळाली होती. भूमिपूजनाचा फलकही उभा होता.

मे महिन्यात मी गेले. सोबत खात्याचे तरुण इंजिनियर होते आणि वाडीतल्या एक काकी. काकींचं वय साठीच्या पुढचं, मुलगा मुंबईला. घरकुलासाठी सगळ्या कचेऱ्यांचे उंबरठे त्यांनीच झिजवले होते. त्या उत्साहाने पुढे चालत होत्या, "हे माझं घर, हे माझ्या जावेचं," असं मोकळ्या जमिनीकडे बोट करून सांगत होत्या.

मी मात्र झाडांकडे बघत होते. ऐनाची झाडं बुंध्यापाशी वाकून मग सरळ वर गेली होती. ऐन उन्हाळ्यात पायाखालची माती ओली लागत होती. वरच्या अंगाला, कातळ संपतो तिथे, लांब भेग पडलेली होती. हा उतार हळूहळू खाली सरकत होता. त्यात घरांच्या पायासाठी खालून माती कापली तर काय होईल, ते सांगायला फार शिकावं लागत नाही.

इंजिनियरना बाजूला घेऊन म्हटलं, "हे आधी का नाही बघितलं?"

"मॅडम, तपासणी आधी करू, असं मी सुरुवातीलाच म्हणालो होतो," ते म्हणाले. "काम मंजूर झाल्याशिवाय तपासणीला निधी नाही, आणि जागा ठरल्याशिवाय काम मंजूर होत नाही. मी तरी काय करू?"

ते खोटं बोलत नव्हते. म्हणून जास्तच थकल्यासारखं झालं.

संध्याकाळी विहारात वाडी जमली. मी उभी राहून सांगितलं की इथे घरं बांधणं धोक्याचं आहे, मला तसं लिहावं लागेल. कुणी ओरडलं नाही. काकी तेवढ्या उठल्या.

"बाय, आमी पऱ्याकडंला पिढ्यान् पिढ्या ऱ्हातो. दरवर्षी पानी घरात येतं. ती जागा चांगली की वायट, ते बगायला कोन आलं नाय कवा. आता कुटं आमाला काय मिळतंय, तर तपासनी?"

"काकी, तुमचं बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि बसले.

अहवालात मी नकार लिहिला. काम थांबलं, निधी परत गेला. वाडीतली माणसं रत्नागिरीला कचेरीत येऊन भांडून गेली. माझ्या नावाने काय काय बोलली ते इंजिनियरनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या पावसाळ्यात पुन्हा वाडीत पाणी शिरलं. काकींचं भाताचं कणगं भिजलं, असं कळलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

पुढे पुन्हा प्रस्ताव करायची वेळ आली, तेव्हा इंजिनियरांचा फोन आला. "या वेळी पैसे मिळोत न मिळोत, जागा ठरायच्या आधी चला." आम्ही गेलो. फलक नव्हता, हार नव्हते. काकी येतील असं वाटलं नव्हतं, पण त्या दोन बायकांना घेऊन आल्या, माझ्याशी न बोलता. दिवसभर फिरलो. एक जागा देवराईला लागून होती, ती सोडली. दुसरीकडे पावसाचं पाणी साठतं असं बायकांनीच सांगितलं. शेवटी सड्याच्या माथ्यावर, कडेपासून बऱ्यापैकी आत, सगळ्यांना चालेल अशी जागा सापडली. तिचा कागद फिरायला आणखी काही पावसाळे गेले. त्यात इंजिनियरांची बदली खेडला झाली.

गेल्या वर्षी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा वाट वाकडी केली. घरं झाली आहेत. सडा उन्हाने तापलेला, सावली नाही. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. काकींनी ओळखलं, "जय भीम" म्हणाल्या आणि पडवीत खुर्ची दिली.

चहा घेताना त्या खालच्या उताराकडे बघत म्हणाल्या, "बाय, दरड काय आली नाय."

"नाही आली, काकी."

दर पावसाळ्यात मी त्या गावाची बातमी शोधते. उतार अजून तसाच आहे. कोसळावा असं मला कधीच वाटलं नाही. पण तो कोसळत नाही याचा जाच होतो, हेही खरं.

"आली असती तर?" मी विचारलं.

"आता ते कोन सांगनार?" त्या म्हणाल्या. मग पडवीबाहेर हात करून, "हितं पानी घरात येत नाय, तेवडं बरं हाय. झाडं लावायला होवी. कातळात काय जगंल, ते सांग."

मी सांगत बसले.