किसनभाऊंचा बोलणारा दोर

किसनभाऊंच्या धाकट्या मुलाचा, मारुतीचा, फोन आला तेव्हा मी दुपारचा चहा टाकला होता. "बाई, बाबा गेलं सकाळी," एवढंच तो म्हणाला. गॅस बंद करायला हवा होता, तेही सुचलं नाही. माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते सांगायला आजही थोडं ओशाळवाणं वाटतं, पण हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. मनात आलं, वाचून झालं होतं. शेवटचं पानसुद्धा. रडू त्यानंतर आलं, आणि त्या रडण्यातसुद्धा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं काहीतरी होतं…

किसनभाऊ मुरबाडजवळच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. मी तिथे मराठी शिकवायचे. धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी. तिथून पहाटेच्या एसटीने यायचे आणि शाळा भरायच्या आत सगळ्या परीक्षानळ्या धुऊन उलट्या लावून ठेवायचे. शिक्षण दहावीपर्यंत, पण आठवीच्या मुलांना सौम्य आणि तीव्र आम्लातला फरक तेच समजावायचे, शिक्षक नुसते बाजूला उभे. "विष म्हणून काय वेगळं नसतं रे," असं ते मुलांना सांगत, "किती घेतलं त्यावर हाय." पौष महिन्यात म्हसाच्या जत्रेला चार दिवस रजा घ्यायचे, ती मात्र कुणी मागे-पुढे करायची नाही. बैल घ्यायचा नसला तरी ते जायचे. बैलाचे दात, खूर, वशिंड बघत हिंडायला त्यांना आवडायचं.

हा माणूस कादंबरी लिहितो हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ते स्टाफरूममध्ये आले, मी एकटीच आहे हे पाहिलं, आणि कापडी पिशवीतून सात जर्नलं काढून माझ्यासमोर ठेवली. प्रयोगवहीला एका बाजूला रेघांचं पान असतं आणि दुसऱ्या बाजूला आकृतीसाठी कोरं. किसनभाऊंनी रेघांवर गोष्ट लिहिली होती आणि कोऱ्या पानांवर पेन्सिलीने तिची चित्रं काढली होती. "बाई, तुमी मराठीच्या," ते म्हणाले, "तुमी वाचलंत की मला कळंल, हे काय झालंय ते."

काय झालंय ते थोडक्यात सांगते. आजपासून अब्जावधी वर्षांनंतरची गोष्ट. सूर्य म्हातारा होऊन लाल पडलाय, पृथ्वीवरचे समुद्र आटलेत. माणसांच्या दोन जमाती झाल्यात. एक जमात आभाळात तरंगणाऱ्या वस्त्यांमध्ये उजेडावर जगते, दुसरी मेलेल्या ग्रहांच्या पोटात खाणी खणते. दोघांचं हाडवैर, पण पाणी दोघांनाही हवंय. मग कुणाला तरी पुराणातलं समुद्रमंथन आठवतं. ढगांचा एक अजस्र ग्रह आहे, तो घुसळायचा ठरतो. आणि घुसळायला जो दोर लागतो, तो सापासारखा जिवंत यंत्रदोर आहे. त्याला दुखतं, आणि तो ते बोलून दाखवतो. पहिल्या वहीचा अर्धा भाग म्हणजे त्या दोराची कुरकुर. देव तिकडून ओढतात, दानव इकडून ओढतात, अंग माझं सोलतं, आणि अमृत वाटायच्या यादीत माझं नाव नाही.

मी पहिली वही वाचली. खरं सांगायचं तर हसत हसत वाचली. मग मुलीचं लग्न आलं, पाहुणे आले, पेपर तपासणी आली. सहा वह्या टेबलाखाली तशाच राहिल्या. शाळा उघडली त्या दिवशी वह्या घेऊन गेले, तर किसनभाऊ दाराशी उभे. मी म्हटलं, "वाचली हो. छान आहे. जरा पाल्हाळ वाटतो. तो दोर फार बोलतो, ते कमी केलंत तर बरं." काहीतरी सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं. मराठीच्या शिक्षकाला दोष काढला की वाचल्यासारखं वाटतं… त्यांनी मान डोलावली, वह्या पिशवीत भरल्या आणि प्रयोगशाळेत निघून गेले.

दोन वर्षांनी एका मधल्या सुट्टीत त्यांनी सांगितलं, की सातची चार जर्नलं केली, दोर पार मुका केला. एका मासिकाकडे पाठवलं होतं, त्यांचं उत्तर आलं नाही. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मी "अरे वा" म्हणाले आणि तासावर गेले. त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं मला आठवत नाही. माझ्या एका बेफिकीर वाक्यापायी एका माणसाने दोन वर्षं आपल्याच लिखाणावर कात्री चालवली होती. सांगून टाकावं असं अनेकदा वाटलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात ते हार घेऊन पुढे आले तेव्हाही ओठांवर आलं होतं. नाही बोलले. मग मी आसनगावला मुलाकडे राहायला गेले, आणि हे सोबत घेऊन गेले.

गेल्या वर्षी कळलं की साखरेने त्यांचे डोळे गेले आणि आता मूत्रपिंडंही थकली आहेत. मी मुरबाडला उतरून धसईची गाडी पकडली. पडवीत खाटेवर ते बसले होते. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. त्यांची बायको सखूवहिनी पाणी घेऊन आली. गुळाचा काळा चहा झाला, शाळेच्या गप्पा झाल्या. वहिनी शेळीला पाला घालायला मागे गेल्या, तेव्हा मी घाईघाईने सांगून टाकलं, की किसनभाऊ, मी तुमची कादंबरी वाचली नव्हती. पहिली वही फक्त.

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. हसू आवरत असावेत.

"ठावं हाय, बाई," ते म्हणाले. "चौथ्या वहीची दोन पानं फणसाच्या चिकाने चिकटली व्हती. तुमच्याकडून आली तेव्हा तशीच व्हती."

नऊ वर्षं या माणसाला माहीत होतं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, बोललो असतो तर तुमी प्रयोगशाळेत चा प्यायला यायच्या थांबल्या असत्या. आणि दोर तर पहिल्याच वहीत होता, ती तुम्ही वाचली होतीत, म्हणजे तेवढं मत तरी खरं होतं, असं ते धरून चालले होते. आता उरलेलं सांगणं भागच होतं. मी म्हटलं, तेही खरं नव्हतं. मला तो दोर सगळ्यात जास्त आवडला होता.

यावर मात्र त्यांनी चेहरा माझ्यापासून अंगणाकडे वळवला. पडवीबाहेर कोंबड्या दाणे टिपत होत्या. मला वाटलं, आता हे मला जायला सांगतील, आणि सांगितलं तर ते बरोबरच असेल. पण त्यांनी मागच्या दाराकडे हाक दिली, "सखू, कणगीमागची पिशवी आण गो." वहिनींनी खताच्या पिशवीत गुंडाळलेलं गाठोडं आणलं. सातही जुनी जर्नलं. एक पानसुद्धा त्यांनी टाकलं नव्हतं. "दोर परत घालू," ते म्हणाले. "मला दिसत नाय. तुमी वाचा. मीपण ऐकून बघतो, काय लिवलंय ते."

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी जायला लागले. मुरबाडच्या दवाखान्यात त्यांचं रक्त शुद्ध करायचे, ते दिवस सोडून. दुपारी जेवणं झाली की वाचन सुरू. दोर बोलायला लागला की किसनभाऊ स्वतःच खुदखुदायचे, आणि एखादं वाक्य मी चुकवलं तर अचूक पकडायचे. तिसऱ्या वहीत दूरच्या एका ग्रहावर जुन्या यंत्रांची जत्रा भरते. गिऱ्हाइकं यंत्रांच्या जबड्यात हात घालून दातेरी चाकं मोजतात, शेपटीच्या तारा ओढून बघतात, आणि उपरण्याखाली बोटं धरून सौदा ठरवतात. तिथे तर वाडीतले दोघे-तिघे येऊन बसले आणि अमक्या सालचा अमका बैल आठवून हसत राहिले. चौथ्या वहीची ती दोन पानं मी सुरीच्या पात्याने अलगद सोडवली. आत मंथन मध्येच थांबतं तेव्हाच्या शांततेचं वर्णन होतं. ते अख्ख्या कादंबरीतलं सर्वांत देखणं पान आहे, आणि ते तोवर लिहिणाऱ्याखेरीज कुणीच वाचलेलं नव्हतं.

पाचवी वही उघडायच्या आधी त्यांनी मला थांबवलं. वहिनी घरात आहेत का, हे त्यांनी हळूच विचारलं. त्यात विषाचा भाग होता. मंथनातून पहिल्यांदा काळं विष निघतं, वस्त्या मरायला लागतात, आणि सगळे वाट बघत बसतात, की पोथीत लिहिल्याप्रमाणे कुणीतरी येऊन ते पिऊन टाकेल. तीन पिढ्या जातात. कुणी येत नाही. शेवटी एक म्हातारी सुईण म्हणते, आपण लोक पुष्कळ आहोत, एकेक थेंब वाटून घेऊ. सगळे घेतात. सगळ्यांचे गळे थोडे थोडे निळे पडतात, मरत कुणी नाही. वहिनी दर सोमवारी उपास करणारी बाई. देवाचं काम आपण माणसांना दिलं हे ऐकून ती दुखावेल, ही भीती त्यांनी इतकी वर्षं धरली होती. घरात कादंबरीबद्दल कधी बोलले नाहीत ते यासाठीच.

पण वहिनी तोवर उंबऱ्यात वाल सोलायला येऊन बसल्या होत्या. "वाचा की," त्या म्हणाल्या. मी वाचलं. सुईण बोलते तिथे त्यांचे हात थांबले.

"हे चंदरच्या वक्ताचं हाय," त्या म्हणाल्या.

चंदर त्यांचा थोरला मुलगा. एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेला. हे मला माहीत होतं, पुढचं नव्हतं. त्यानंतर सखूवहिनी अंथरुणातून उठेनात, बोलेनात. वाडीत वीसेक घरं. काही न ठरवता रोज एका घरातली बाई यायची, दिवसभर त्यांच्याजवळ बसायची, जमलं तर शेतावर नेऊन आणायची. असं पुढची लावणी होईपर्यंत चाललं. वहिनींनी हे सगळं सुपातल्या वालांकडे बघत सांगितलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "मला कधी सांगितलं नाय तुमी, हे लिवलंय म्हणून."

"तू रडली असतीस."

"मग रडली असती."

किसनभाऊ खाटेची दोरी चाचपत राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, देवाला नाही आणला, राग आला का. वहिनींनी विचार केला. घाई त्यांना कशाचीच नसायची.

"त्याने एकदा प्यायलंय," त्या म्हणाल्या. "पुन्ना पुन्ना त्यालाच कशाला?"

किसनभाऊंनी डोळे मिटले. दिसत नव्हतंच, तरी मिटले. त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही. मी निघाले तेव्हा वहिनी त्यांच्या पायाशी येऊन बसल्या होत्या, आणि दोघं चंदरबद्दल बोलत होती, तो लहानपणी भाताच्या आव्यावर, रचलेल्या भाऱ्यांच्या ढिगावर, चढून बसायचा त्याबद्दल. मारुती मला गाडीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, घरात दादाचं नाव मी किती वर्षांनी ऐकलं.

सातवी वही संपली तो शुक्रवार होता. शेवटी अमृत म्हणून जे निघतं ते साधं पाणी असतं. बाया हंडे घेऊन येतात. मग एक मोठं लग्न आहे, उजेडातला नवरा, खाणीतली नवरी, वीस पानं. मी वही मिटली. खोकल्याची उबळ जाईपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, आता खरं सांगा.

मी खरं सांगितलं. गोष्ट हंड्यांपाशीच संपते, लग्न नको, असं म्हटलं. दोराला मात्र शेवटी एक वाक्य हवं, त्याला पाणी मिळालं की नाही ते कळत नाही.

ते इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. "आता वाचल्यासारखं बोललात," ते म्हणाले. मग त्यांनी दोराचं एक वाक्य सांगितलं आणि मी ते पेन्सिलीने समासात लिहून घेतलं. ते इथे देत नाही, कादंबरीचं पुस्तक करायचं आहे, त्यात येईल. रविवारी सकाळी किसनभाऊंनी भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून खाल्ला, वहिनींकडे पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत मान कलली. वहिनी म्हणतात, चेहरा निवांत होता. मी दहाव्याला गेले तेव्हा त्या रडल्या, मीही रडले, पण आमच्या दोघींच्याही मनात सल असा काही उरला नव्हता.

मागच्या आठवड्यात शाळेत गेले होते. सातही जर्नलांच्या प्रती काढून एक संच तिथल्या ग्रंथालयात ठेवायचा आहे. विज्ञानाच्या नव्या बाईंनी मला प्रयोगशाळा दाखवली. फरशी नवीन, बेसिन नवीन, कपाटांना काचा. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र किसनभाऊंच्याच हातच्या, ठसठशीत, खाली जराशा उतरत्या. छापील लावायच्या होत्या, पण या नीट वाचता येतात म्हणून राहू दिल्या, असं त्या म्हणाल्या. खालच्या फळीवर तीव्र आम्लाची मोठी काचेची बरणी आहे. तिच्यावर रसायनाचं नाव आहे, आणि नावाखाली निळ्या शाईत लिहिलंय, 'जड आहे. एकट्याने उचलू नये.'

बाईंना ती ओट्यावर हवी होती. मी पिशवी खाली ठेवली आणि दुसऱ्या बाजूने हात लावला.