दुसऱ्या खांबाचा खटका

कानसेनांना ऐकू येत नाही हे फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, माहीत होतं. आणि वहिनींना ते माहीत आहे, याचा कानसेनांना पत्ता नव्हता. असा सगळा आनंदीआनंद होता.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बसच्या वर्कशॉपात नोकरीला असताना ते पडलं. बस फाटकातून आत वळतेय तोवर हा माणूस हातातला चहा खाली न ठेवता सांगायचा, की मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. चाक उघडलं की ते गेलेलंच असायचं. इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, झालं निदान. पण ज्या शेडमध्ये हे नाव कमावलं, तिथल्या घणांनी आणि कॉम्प्रेसरनीच त्यांचे कान खाल्ले. एकदम नाही, हळूहळू. निवृत्त होऊन घरच्या गॅरेजात गाड्या दुरुस्त करायला लागले, तेव्हा बारीक आवाज आधीच गेले होते.

वहिनींनी ओळखलं ते स्क्रूड्रायव्हरवरून. मूठ कानाला लावायची सोडून ते ती जबड्याच्या हाडाला टेकवायला लागले होते. हाडातून थरथर कळते, तेवढ्यावर त्यांचं भागायचं. बाकीचं वहिनी निभावून न्यायच्या. गिऱ्हाईक काही पुटपुटलं, की "म्हणजे ब्रेक दाबला की आवाज येतो, असंच ना?" असं त्याच मोठ्याने विचारायच्या. फोन त्याच घ्यायच्या. बेल वाजली की "बघा बरं कोण आलंय" म्हणून नवऱ्याला उठवायच्या. लोक म्हणायचे, वहिनींच्या तोंडाचा पट्टा फार चालतो. चालेल नाही तर काय करेल? नवऱ्याचं नाव त्याच्या कानांवर उभं होतं, आणि ते त्याच्या हयातीत पडलेलं वहिनींना बघवलं नसतं.

मग कंबरेने दगा दिला. गाडीखाली सरपटत शिरायचे ते शिरायचे, पण बाहेर यायला वहिनींनी पाय धरून ओढावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर लोळणं बंद. लेक म्हणाली, बाबा, गॅरेजच बंद करा. कानसेनांनी दोघांचंही ऐकलं नाही, आणि हे न ऐकणं काही कानांमुळे नव्हतं. त्यांनी घरच्या गॅरेजात गाडी उचलायची लिफ्ट बसवायचं ठरवलं.

मग जेवताना लिफ्ट, झोपताना लिफ्ट. कात्रीसारखी उघडणारी त्यांनी पहिल्याच दिवशी निकालात काढली. ती गाडीच्या पोटाखालीच पसरते, मग माणसाने काम करायचं कुठे? चार खांबांच्या लिफ्टवर गाडी चढवायची आणि चाकांवरच उभी ठेवायची. ती भक्कम खरी, पण चाकं मोकळी होत नाहीत, आणि कानसेनांचं निम्मं काम ब्रेकचं. राहिली दोन खांबांची. तिचे लांब हात गाडीला खालून उचलतात आणि चारी चाकं हवेत लोंबतात. छताची उंची मोजून झाली. कोपऱ्यातली फरशी उकरून खालचं काँक्रीट किती जाड आहे तेही पाहून झालं. वहिनींचा जीव मात्र चार खांबांवर होता. दोन खांबांची म्हटलं की त्यांना एकच दिसायचं: हा माणूस खाली आणि गाडी डोक्यावर.

कानसेनांचा नोकरीतला जोडीदार, ज्याला सगळे दाढीवाला म्हणत, आपलं वर्कशॉप मोडून लेकाकडे राहायला निघाला होता. दोन्ही तऱ्हेच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. बघून जा, पसंत पडेल ती ने, असा त्याचा निरोप होता. वहिनीही निघाल्या तेव्हा कानसेन वैतागले, तिथे तुझं काय काम म्हणून. घरात येणारी वस्तू आहे, मला नको का बघायला, असं म्हणत वहिनींनी चप्पल घातलीसुद्धा.

दाढीवाल्याने सगळं वहिनींनाच समजावून सांगितलं. गाडी वर जाताना दोन्ही खांबांतले लोखंडी खटके एकेका दातावरून सरकत जातात आणि टक टक वाजतात. हवी तेवढी वर गेली की जराशी खाली सोडायची, म्हणजे खटके बसतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. एखादा खटका बसला नाही, तर त्या बाजूचा भार नुसत्या तेलाच्या दाबावर लटकतो. तेलाचा पाइप फुटला की खेळ खलास.

"बसला की नाही ते दिसतं का, भावजी?" वहिनींनी विचारलं.

"खांबाच्या आत असतो तो, वहिनी. ऐकायचा. तुमच्या घरात तर कानसेन आहे. तुम्हाला कसली काळजी?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. कानसेन शेजारीच उभे राहून खांबावरून हात फिरवत होते. त्यांना यातलं अक्षरही कळलं नव्हतं.

वर्कशॉपातले दोन मेकॅनिक हातातलं काम टाकून बघायला आले. कानसेनांचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं. दाढीवाल्याने बटण दाबलं आणि गाडी वर निघाली. अलीकडच्या खांबातून टक, टक, टक. वहिनींनी सगळं लक्ष पलीकडच्या खांबाकडे लावलं. तिकडून काही नाही. मोटरच्या घरघरीत बुडला असेल आवाज, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग मोटर थांबली, दाढीवाल्याने गाडी जराशी खाली सोडली. अलीकडचा खटका खाडकन बसला. पलीकडे शुकशुकाट.

"काय कानसेन, बसले?" दाढीवाल्याने विचारलं.

कानसेनांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. "बसले की. झकास."

दाढीवाल्याने मान डोलावली. मेकॅनिकांनीही डोलावली. कानसेनांनी ऐकलंय म्हटल्यावर दुसऱ्या कोणी कशाला कान द्यायचे? आणि कानसेन कंबरेवर हात ठेवून गाडीखाली निघाले.

वहिनींच्या तोंडातून "अहो" निघालं, पण हाक मारून उपयोग नव्हता. पाठमोऱ्या माणसाला ती पोचणार कशी? त्या धावल्या. त्यांनी पाठीमागून शर्ट धरला आणि सगळ्या ताकदीने मागे ओढला. शर्टाचं बटण तुटून उडालं, दोघंही कोलमडत भिंतीला टेकले.

"वेड लागलंय का तुला?" कानसेन ओरडले. चारचौघांत असा ओढलेला माणूस संतापणारच.

"पलीकडचा खटका बसला नाही. वाजलाच नाही तो."

"वाजला. मी ऐकला."

"तुम्हाला ऐकू येत नाही," वहिनी म्हणाल्या.

इतक्या दिवसांचं झाकलेलं एका वाक्यात उघडं पडलं. कानसेनांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. दाढीवाला बॅटरी घेऊन पलीकडच्या खांबाकडे गेला आणि आत डोकावला. जुनं ग्रीस दगडासारखं घट्ट झालं होतं आणि खटका त्यात अडकून वरच राहिला होता. ती बाजू तेलाच्या भरवशावर होती. त्याने खटका मोकळा केला, गाडी अगदी हळू जमिनीवर उतरवली आणि एका टायरवर बसकण मारली. मी ऐकायला हवं होतं रे, तू आहेस म्हणून मी लक्षच दिलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

कानसेन वहिनींकडे वळले. "कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही मूठ जबड्याला लावायला लागलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लागेल म्हणून." आता वहिनींना रडू आवरेना. राग होता, पण तो सगळा स्वतःवरचा होता. "झाकत बसले मी. आणि आज माझ्या झाकण्यानेच तुम्ही गेला असतात."

कानसेन खाली बघत राहिले. "मला वाटायचं, माझं मी छान निभावतोय," ते म्हणाले.

दोन्ही खांबांतलं ग्रीस रॉकेलने धुऊन काढलं. मग दाढीवाल्याने सुचवलं, की चार खांबांची ने, ब्रेकची कामं सोड. कानसेनांनी ते दोनदा वदवून घेतलं, उघडपणे, कानामागे हात धरून. मग नाही म्हणून मान हलवली.

"दोन खांबांचीच नेतो. पण बटण हिच्या हातात राहणार. हिला शिकव."

माझ्याच्याने होणार नाही म्हणून वहिनींनी हात झटकले. कानसेन म्हणाले, मग गॅरेजला कुलूप लावतो, तू म्हणशील तसं. आणि ते खरंच तसं म्हणत होते, डोळ्यांत पाणी होतं. वहिनींनी पदराने हात पुसले आणि बटण दाबलं.

गाडी वर गेली. या वेळी दोन्हीकडून टक टक आली. वहिनींनी गाडी जराशी खाली सोडली, आणि दोन्ही खटके खाडकन बसले.

"बसले," त्या पुटपुटल्या.

कानसेन जागचे हलले नाहीत. मेकॅनिक बघत होते, दाढीवाला बघत होता. एरवी वहिनींनी जवळ जाऊन गुपचूप कोपर लावलं असतं आणि भलतंच काही बोलून वेळ मारून नेली असती. आज त्या कानसेनांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, मान वर केली आणि एकेक शब्द सुटा करून, सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाल्या, "दोन्ही बसले."

कानसेन त्यांचे ओठ मिटेपर्यंत बघत राहिले. मग वाकून गाडीखाली गेले.