दिनेशदादाचं नोइनलाइन

आज दुपारी मी दिनेशदादाने कोडमध्ये मागे ठेवलेला शब्द डिलीट केला.

त्याला जाऊन आज वर्ष झालं. मुहूर्त मी काढला नव्हता. कोड तपासायचा रिव्ह्यूच आज आला.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिनेशदादा म्हणजे महापेच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा माझा सीनियर. खाडीकाठच्या गावातला अस्सल आगरी. सगळ्या ऑफिसचा दादा.

आम्ही कर्नेलवर काम करतो. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्यातही मेमरी वाटणारा भाग. ज्या प्रोग्रॅमला जितकी लागेल तितकी काढून द्यायची, काम झालं की परत घ्यायची.

दादा त्याला रेशनचं दुकान म्हणायचा.

माझं प्रोबेशन संपत आलं होतं आणि एका कस्टमरची मशीन्स धडाधड बंद पडायला लागली. क्रॅश रिपोर्टमध्ये सगळ्यात वर एकच नाव. माझ्या फंक्शनचं, म्हणजे मी लिहिलेल्या कोडच्या तुकड्याचं.

मीटिंगमध्ये कोणी आवाज चढवला नाही. मॅनेजर एवढंच म्हणाले की प्रज्ञाचं कन्फर्मेशन जरा थांबवू या.

आमच्या घरातली पहिली इंजिनीयर मी. खांदेश्वरला जाऊन आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दादा माझ्या टेबलापाशी आला.

"बाय, वर कोनाचं नाव हाय ते बघून फाशी नाय द्यायची. आत कोन मिसललाय ते बघायचं."

मग त्याने समजावलं. कंपायलर, म्हणजे आमचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, वेग वाढवण्यासाठी लहानसं फंक्शन उचलतो आणि जिथून त्याला बोलावलं जातं तिथेच आत भरून टाकतो. याला इनलाइन करणं म्हणतात. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, पण त्या लहान फंक्शनचं नाव पुसलं जातं. आमटीत पडलेल्या हिंगासारखं. पुढे त्याने घोळ घातला तरी रिपोर्टमध्ये नाव येतं ते ज्याच्या पोटात ते आहे त्याचं.

चोर सोडून संन्याशाला फाशी.

दादा मशीन कोड घेऊन बसला. ओळ न् ओळ वाचायचा. मधेच छाती चोळायचा आणि ड्रॉवरमधून अ‍ॅसिडिटीची गोळी काढून चघळायचा.

डॉक्टरकडे जा म्हटलं की कॅन्टीनच्या वड्याला शिव्या द्यायचा. हात दुखला तर कीबोर्डमुळे. जिना चढताना दम लागला तर वजनामुळे. प्रत्येक दुखण्यासाठी त्याच्याकडे वरचं एक नाव तयार असायचं.

शेवटी एका छोट्या फंक्शनवर त्याचा संशय बसला. त्याच्यापुढे त्याने एक शब्द लिहिला. नोइनलाइन. कंपायलरला हुकूम, की याला कोणात मिसळू नकोस, याचं नाव राहू दे.

लॅबमधलं मशीन आम्ही पुन्हा मुद्दाम बंद पाडलं. रिपोर्ट आला. माझं नाव एक ओळ खाली सरकलं आणि वर ते छोटं फंक्शन आलं.

किती मेमरी द्यायची याचा हिशेब करणारं ते फंक्शन दादानेच लिहिलं होतं. मी कॉलेजात होते तेव्हा.

दादा पोट धरून हसला. मग सगळ्यांना मेल टाकली, की प्रज्ञाचा कोड बरोबर आहे, चूक माझी आहे.

चूक सुधारली, पण तो शब्द त्याने तसाच ठेवला. मी विचारलं, आता कशाला?

"ऱ्हाऊ दे. परत काय झालं तर माझंच नाव वर येल. तुझ्यावर नको."

तो शुक्रवार होता.

रविवारी सकाळी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आणायला म्हणून निघाला, दारातच खाली बसला आणि उठलाच नाही.

हार्ट. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस अंगावर काढलेलं दिसतंय.

हॉस्पिटलच्या गेटवर वहिनी माझा हात धरून एकच विचारत होत्या.

"बाय, अ‍ॅसिडिटीनं मानूस मरतो का गं?"

 

मला राग येतो त्याचा. वर्षभर येतोय. माझ्या एका फंक्शनसाठी सगळा कोड उसवलास आणि स्वतःच्या छातीत एकदा डोकावला नाहीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एक ईसीजी काढायचा होता रे. एक.

माझं कन्फर्मेशन झालं. त्याचा कोडही माझ्याकडेच आला. लोक म्हणतात, काळ गेला की कमी होतं. काही कमी होत नाही.

आज रिव्ह्यूमध्ये नव्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टने विचारलं, हे नोइनलाइन कशाला? चूक केव्हाच सुधारली आहे, हे फंक्शन सतत चालतं, उगाच वेग जातो.

त्याचं बरोबर आहे. दादानेही हेच म्हटलं असतं. कोणाची आठवण येते म्हणून कर्नेलमध्ये शब्द ठेवता येत नाही.

काढला.

वेग वाढला. पण इतका कमी, की सांगायचीही लाज वाटते.

मग लॅबमध्ये एक मशीन त्याच ठिकाणी मुद्दाम बंद पाडून बघितलं. सगळ्यात वर माझं नाव. दादाचं फंक्शन कुठेच नाही.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. वर्षश्राद्ध झालं म्हणाल्या. मग हळूच विचारलं, ऑफिसात त्यांचं अजून काय हाय का?

मी म्हटलं, आहे वहिनी. आत मिसळलंय, रोज चालतंय. फक्त दिसत नाही.



"दिसत नाय तर काय करू मी त्याचं?"

त्यांनी फोन ठेवला.

आता पुन्हा कधी मशीन पडलं तर वर माझंच नाव येईल, दादा. तू केलेला आडोसा मी स्वतःच्या हाताने काढला. आणि आत कोण आहे ते बघायला आता कोणी नाही.

भावपूर्ण वगैरे म्हटलेलं तुला चाललं नसतं.

श्रद्धांजली, दादा. जा.